पळायचं सगळ्यांनी, बसायचंही सगळ्यांनी

हातातलं काम चालू ठेवा, निवडायचं-टिपायचं असेल तर निवडत बसा. आम्ही बोलतो, तुम्ही ऐका.

शाळेत असताना खो-खो खेळलेल्या किती जणी आहात? बहुतेक सगळ्याच असाल. मग एक आठवून बघा. आठ जणी रांगेत बसायच्या आणि नववी पळायची. ती दमली, की बसलेलीच्या पाठीवर हात मारून "खो" म्हणायची. बसलेली उठायची आणि पळालेली तिच्या जागी बसायची. म्हणून तर तो खेळ एवढा वेगाचा. एकच मुलगी शेवटपर्यंत पळाली असती, तर दोन मिनिटांत धाप लागून खाली बसली असती.

हे आठवायचं कारण म्हणजे आज आम्ही एका दूरच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची गोष्ट सांगणार आहोत. बास्केटबॉलचं बचत गटात काय काम, असं कुणी म्हणेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बास्केटबॉल खेळते. बैठकीला आईसोबत आली, तेव्हा तिनं हे सगळं आम्हाला समजावून सांगितलं. त्या दिवशी आमचा गट नेमका एका अडचणीत होता आणि तिचं बोलणं आमच्या वर्मावर बसलं. ती अडचण शेवटी सांगतो. आधी खेळ समजून घेऊ.

बास्केटबॉलचं मैदान 94 फूट लांब आणि 50 फूट रुंद असतं. दोन्ही टोकांना 10 फूट उंचीवर लोखंडी कडं आणि त्याला जाळी. एका वेळी एका संघाचे पाच जण मैदानात असतात, बाकीचे बाकावर. चेंडू हातात धरून पळता येत नाही, जमिनीवर आपटत न्यावा लागतो नाहीतर जोडीदाराकडे टाकावा लागतो. समोरच्या संघाच्या कड्यातून चेंडू खाली पडला की दोन गुण. कड्यापासून लांब एक अर्धगोल रेघ आखलेली असते, तिच्या बाहेरून टाकला तर तीन गुण. कॉलेजचा पुरुषांचा सामना 20-20 मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे 40 मिनिटांचा.

हा खेळ 1891च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावात जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकांनी काढला. बाहेर कडाक्याची थंडी, पोरांना आत कोंडून ठेवायचं कसं, म्हणून सज्जाला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. टोपलीला बूड होतं. चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा! म्हणजे हा खेळ सुरुवातीला किती सावकाशीचा होता, ते बघा.

बायकांसाठी तर तो आणखी सावकाश केला गेला. 1892 साली स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेनं मुलींना हा खेळ शिकवला. त्या काळात मुलींनी पळणं, घामाघूम होणं लोकांना रुचत नव्हतं. म्हणून बाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले. ज्या मुलीला जो भाग दिला, तिनं तो ओलांडायचा नाही. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही. मुलींना खेळता आलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण रेघ मात्र पायात राहिली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शाळेच्या मुली सहा-सहा जणींचा खेळ खेळायच्या. तीन जणी मैदानाच्या अर्ध्या भागात फक्त चेंडू टाकणार, उरलेल्या तीन जणी दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवणार. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. तो खेळ तिथं फार लोकप्रिय होता, बघायला गावंच्या गावं लोटायची. पण पूर्ण मैदान पळायला तिथल्या सगळ्या शाळांतल्या मुलींना कधी मिळालं, तर 1993 साली. फार जुनी गोष्ट नाही ही. आपल्यातल्या कितीतरी जणी तेव्हा शाळेत होत्या.

आपली गोष्ट याच आयोवा राज्यातली आहे. आयोवा म्हणजे अमेरिकेच्या मध्यावरचा शेतीचा मुलूख. मका आणि सोयाबीन हीच तिथली मुख्य पिकं. आपल्या लातूर-वाशीमकडच्या मैत्रिणींना सोयाबीन म्हटल्यावर लगेच कळेल. त्या राज्यात ग्रिनेल नावाचं छोटं शहर आहे, वस्ती साधारण नऊ हजार. आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढं. तिथं 1846 साली स्थापन झालेलं ग्रिनेल कॉलेज आहे. अभ्यासासाठी नावाजलेलं, पण विद्यार्थी दीड-पावणेदोन हजारांच्या आसपास.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे तीन स्तर आहेत. वरच्या स्तरावर चांगल्या खेळाडूला फी माफ, राहणं-खाणं फुकट. ग्रिनेल तिसऱ्या स्तरातलं. तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणजे पोरगा सकाळी तास करणार, प्रयोगशाळेत बसणार आणि संध्याकाळी आपल्या हौसेनं खेळायला येणार. अशा संघात उंच, तयार खेळाडू कुठून येणार? संघ हरायचा. एक-दोन वर्षं नाही, जवळजवळ पंचवीस वर्षं असं चाललं होतं, की हंगामात जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामनेच जास्त.

1989 साली तिथं डेव्हिड आर्सेनो नावाचे प्रशिक्षक आले. सुरुवातीला त्यांनीही संघाला रूढ पद्धतीनंच खेळवलं. रूढ पद्धत म्हणजे काय? चांगले पाच-सहा खेळाडू बहुतेक वेळ मैदानात. चेंडू आला की घाई करायची नाही, इकडून तिकडे फिरवायचा, अगदी पक्की संधी मिळाली की मगच टाकायचा. त्या वेळच्या नियमानं एका संघाला चेंडू 45 सेकंद हातात ठेवता येत होता. त्यामुळे खेळ रेंगाळायचा आणि बाकावरचे नऊ-दहा जण नुसते टाळ्या वाजवायला उरायचे. महिनोन्महिने सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी बसून राहायचं. शिष्यवृत्ती नाही, खेळायलाही मिळत नाही, मग पोरं कशाला टिकतील? एकेक करून सोडून जायची.

आर्सेनोंनी प्रश्न उलटा मांडला. आपण जिंकत तर नाहीच. मग निदान सगळ्यांना खेळायला मिळेल आणि मजा येईल, असा खेळ काढता येईल का? मैत्रिणींनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. लोकांना वाटतं, त्यांनी वेग आणला तो जिंकण्यासाठी. पण मुळात वेग आणला तो बाकावरच्यांना उठवण्यासाठी. पंधरा जणांना खेळवायचं तर कुणालाच फार वेळ मैदानात ठेवता येत नाही. थोडाच वेळ मिळणार असेल, तर त्या थोड्या वेळात जीव तोडून पळता येतं. असं एकातून एक निघत गेलं.

त्यांनी नेमकं केलं काय, ते आता बघू.

पहिली गोष्ट, तुकड्या. पंधरा जणांच्या पाच-पाचच्या तीन तुकड्या केल्या. बर्फावरच्या हॉकीत खेळाडू थोडा वेळ झपाट्यानं खेळतात आणि सगळे एकदम बदलतात, तशी ही रीत. एक तुकडी मिनिटभर, कधी त्याहूनही कमी वेळ, पूर्ण ताकदीनं पळायची. लगेच दुसरी पाचजणांची तुकडी आत आणि पहिली बाहेर. आपल्या खो-खोत बचाव करणाऱ्या तीन-तीन जणींच्या तुकड्या मैदानात उतरतात, तसंच म्हणा ना. समोरच्या संघाचे मात्र तेच पाच-सात जण पळत राहायचे. पहिल्या डावात त्यांना काही वाटायचं नाही. दुसऱ्या डावात पाय जड व्हायचे, हात चुकायचे.

दुसरी गोष्ट, अडवणूक. साधारण रीत अशी, की चेंडू समोरच्याकडे गेला की आपण माघारी पळायचं आणि आपल्या कड्यापाशी उभं राहायचं. ग्रिनेलनं माघार घेणंच सोडलं. पूर्ण 94 फूट मैदानभर समोरच्यांना घेरायचं, चेंडू असलेल्याच्या अंगावर दोघांनी जायचं, त्याला विचार करायला फुरसतच द्यायची नाही. घाईत तो चेंडू चुकीच्या हाती टाकतो आणि चेंडू आपल्याला मिळतो. आणि हे घेरणं कुणी फोडलंच तर? तर जाऊ द्यायचं. करू दे त्याला दोन गुण. हे ऐकून आमच्या गटातल्या एका आक्का म्हणाल्या, "अगं, शत्रूला दार उघडून द्यायचं, ही कुठली रीत?" आम्हालाही पटेना. पण हिशेब असा होता, की समोरच्यानं पाऊण मिनिट चेंडू धरून मग दोन गुण करण्यापेक्षा पाच सेकंदांत दोन गुण केलेले परवडले. चेंडू लगेच आपल्या हातात येतो आणि तीन गुणांसाठी टाकता येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे हा तीन गुणांचा नेम. 1986-87च्या हंगामापासून अमेरिकेत पुरुषांच्या कॉलेज खेळात तीन गुणांची रेघ आली. बरेच जुने प्रशिक्षक तिच्याकडे संशयानं बघत. लांबून टाकलेला चेंडू चुकतोच, असं त्यांचं म्हणणं. आता आपण पासबुकाचा हिशेब करतो तसा हाही करू. जवळून दहा वेळा टाकला आणि पाच वेळा पडला, तर पाच दुणे दहा गुण. लांबून दहा वेळा टाकला आणि चारच वेळा पडला, तर चार त्रिक बारा. चुकला जास्त, पण मिळालं जास्त. आर्सेनोंनी पोरांना सांगितलं, चेंडू हाती आल्यापासून बारा सेकंदांच्या आत टाका.

चौथी गोष्ट आम्हा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना फार आवडली. आर्सेनोंनी सामन्यांच्या नोंदी तपासून पाच आकडे काढले. एका सामन्यात आपल्या संघानं चेंडू 94 वेळा टाकायचा. त्यातले 47, म्हणजे निम्मे, तीन गुणांच्या रेघेबाहेरून. आपले जे नेम चुकतील, त्यातल्या एक तृतीयांश वेळी परतून आलेला चेंडू पुन्हा आपल्याच हातात यायला हवा. समोरच्याकडून 32 वेळा चेंडू घालवून घ्यायचा. आणि समोरच्यापेक्षा आपण 25 वेळा जास्त टाकायचा. हे पाचही आकडे जमले, तर सामना बहुतेक आपला.

यातली खुबी शेवटच्या आकड्यात आहे. 25 वेळा जास्त टाकला आणि त्यातले आठच पडले, तेही लांबून, तर आठ त्रिक चोवीस गुण जास्तीचे. म्हणजे आपला नेम समोरच्यापेक्षा थोडा कच्चा असला, तरी चालतो. उंची नाही, तयार खेळाडू नाहीत, त्यांनी संधीच जास्त मिळवायच्या. आणखी एक. या पाच आकड्यांत कुठल्याही एका खेळाडूचं नाव नाही. सगळे आकडे संघाचे. आज कुणी किती गुण केले, यापेक्षा आज आपल्या सगळ्यांचे मिळून 94 झाले का, हा प्रश्न.

लगेच यश आलं का? नाही. सुरुवातीला शंभर गुण करूनही संघ हरायचा, कारण समोरचा एकशेवीस करायचा. बघणारे हसायचे. हा काय बास्केटबॉल आहे, हा तर गोंधळ आहे, म्हणायचे. बाकीचे कॉलेज संघ सामन्याला सत्तर-ऐंशी गुण करत होते, तिथं या संघाची सरासरी शंभरापलीकडे गेली. मग हळूहळू तुकड्या मुरल्या आणि 1996 साली ग्रिनेलनं आपल्या विभागाचं अजिंक्यपद मिळवलं. त्याआधीचं 1962 सालचं होतं. पुढे कित्येक हंगाम साऱ्या अमेरिकेतल्या कॉलेजांत सरासरीनं सर्वात जास्त गुण करणारा संघ ग्रिनेलचाच असायचा. आर्सेनोंचा मुलगा याच संघातून खेळला आणि वडिलांनंतर तोच प्रशिक्षक झाला. ही पद्धत मुलींनीही उचलली. इलिनॉय राज्यातल्या ऑलिव्हेट नाझरीन विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला डग पोर्टर नावाच्या प्रशिक्षकांनी अशाच तुकड्या पाडून खेळवलं. तेही संघ सामन्याला शंभर-शंभर गुण करायचे. आयोवाच्या शेजारचंच राज्य ते. एकीकडे मधली रेघ न ओलांडणाऱ्या मुली आणि एका पिढीच्या अंतरानं या मुली!

इथवर सगळं गोड वाटतं. पण आम्ही तुम्हाला नेहमी सांगतो, की कुठल्याही योजनेची एकच बाजू ऐकून सही करू नका. म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

20 नोव्हेंबर 2012 रोजी ग्रिनेलचा सामना फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज नावाच्या लहान कॉलेजशी होता. त्या दिवशी जॅक टेलर या ग्रिनेलच्या एकाच खेळाडूनं 138 गुण केले. कॉलेज बास्केटबॉलमधला तो विक्रम ठरला आणि जगभर बातम्या आल्या. सामना 179 विरुद्ध 104 असा संपला. पण आकडे नीट बघा. त्या एकट्यानं 108 वेळा चेंडू टाकला आणि 40 पैकी 36 मिनिटं मैदानात तोच होता. जोडीदारांनी चेंडू मिळवायचा आणि त्याच्याकडे टाकायचा. जी पद्धत बाकावरच्या पोरांना उठवण्यासाठी जन्माला आली, त्या पद्धतीत एकानंच 108 वेळा टाकायचा, हे कसं? अनेकांनी टीका केली. दुबळ्या संघाची फजिती केली, असंही म्हणाले. काही जण म्हणाले, एका छोट्या कॉलेजच्या पोराला एक दिवस मिळाला तर काय बिघडलं? गंमत म्हणजे समोरच्या संघातल्या डेव्हिड लार्सन या पोरानं त्याच सामन्यात 70 गुण केले होते. एरवी 70 गुण म्हणजे आयुष्यभर सांगायची गोष्ट, पण त्याच्याकडे कोण बघणार?

आम्हाला यातून एवढंच दिसतं, की चांगली पद्धतसुद्धा राखावी लागते. नुसती वहीत लिहून ठेवली की झालं, असं होत नाही. कौतुक एकाकडे वाहायला लागलं, की सगळे आपोआप त्याच्याकडेच चेंडू टाकायला लागतात.

वेगाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ही जरा मन घट्ट करून ऐका. वेगानं खेळण्याचा विचार काही एकट्या ग्रिनेलचा नव्हता. लॉस एंजेलिस शहरातल्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठात पॉल वेस्टहेड नावाचे प्रशिक्षक त्याआधीपासून असाच धावता खेळ खेळवत होते. 1989-90च्या हंगामात त्या संघाची सरासरी सामन्याला 122 गुणांच्या वर होती. पण तिथं तीन तुकड्यांची रीत नव्हती. बराचसा भार हँक गॅदर्स आणि बो किंबल या दोघा मित्रांवर होता. डिसेंबर 1989 मध्ये एका सामन्यात गॅदर्स चक्कर येऊन पडला. तपासणीत हृदयाचे ठोके नीट पडत नसल्याचं निघालं. औषध सुरू झालं. औषधानं अंगात सुस्ती येते, पळता येत नाही, म्हणून पुढे औषधाचं प्रमाण कमी केलं गेलं. 4 मार्च 1990 रोजी चालू सामन्यात तो मैदानातच कोसळला आणि गेला. वय 23.

त्याचा जीव वेगवान खेळानं घेतला, असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या हृदयालाच आजार होता. पण ज्या संघाला तुझ्याशिवाय चालत नाही, त्या संघात बसून राहणं फार अवघड असतं. हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? चक्कर येते, धाप लागते, छातीत धडधडतं, तरी आपण म्हणतो, "एवढी खुरपणी होऊ दे", "एवढं लग्न उरकू दे". गोळ्यांनी झोप येते म्हणून गोळ्या सोडून देतो. मैत्रिणींनो, चक्कर येऊन पडणं ही साधी गोष्ट समजू नका. दवाखान्यात दाखवा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध कमीही करू नका आणि बंदही करू नका.

आता आमची अडचण सांगतो.

आमच्या गटात बारा जणी. सहा वर्षं सचिव एकच मावशी. शिकलेल्या, हुशार, बँकेत बोलायला धीट. ठराव वही त्यांच्याकडे, पासबुक त्यांच्याकडे, कुणाचा हप्ता किती राहिला ते त्यांच्या तोंडावर. आम्हाला बरं वाटायचं. उरलेल्या नऊ जणी महिन्याला बचत टाकायच्या, सही करायच्या आणि घरी जायच्या. मागच्या वर्षी मावशी बैठकीतच चक्कर येऊन पडल्या. अंगात रक्त फारच कमी होतं. दवाखाना झाला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, लेकीनं दोन महिने सोबत नेलं. आणि आमचा गट जागच्या जागी थांबला. कर्जाचा अर्ज भरायचा होता, पण कुठला कागद कुठं आहे ते कुणाला माहीत नाही. अर्जाची मुदत गेली. दोघी जणी शेळ्या घेणार होत्या, त्यांनी शेवटी बाहेरून व्याजानं पैसे काढले. यात दोष कुणा दुसऱ्याचा नव्हता. आम्ही नऊ जणी बाकावर बसलो होतो आणि तीन जणींना पळवत होतो. त्यातही एकीलाच जास्त.

त्याच दिवसांत त्या ताईंच्या मुलीनं ग्रिनेलची गोष्ट सांगितली. मग आम्हीही बारा जणींच्या चार-चारच्या तीन तुकड्या केल्या. एका तुकडीकडे बैठक आणि ठराव वही, दुसरीकडे बँक आणि पासबुक, तिसरीकडे कर्जाची वसुली आणि अर्ज. दर तीन महिन्यांनी कामं बदलतात. बदलताना जुनी तुकडी एक बैठक नव्या तुकडीशेजारी बसते. जिला लिहिता येत नाही ती मोजते, जिला मोजायला अवघड जातं ती निरोप देते. सह्यांचे अधिकार अध्यक्ष-सचिवांकडेच आहेत, ते नियमानंच बदलायचे, पण काम सगळ्यांना आलं पाहिजे, असा ठराव केला.

पहिल्या तिमाहीत गोंधळ झाला, हेही सांगतो. पाचशे रुपयांचा फरक आला, तो शोधायला तीन बैठका गेल्या. बँकेत एक मावशी घाबरून फॉर्म तसाच घेऊन परत आल्या. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "जिला येतं तिलाच करू द्या, आमचा वेळ कशाला घालवता?" आणि आमच्या जुन्या सचिव मावशींना वाईट वाटलं. त्या बऱ्या होऊन आल्या तर वही दुसरीच्या हातात. एक बैठक त्या बोलल्याच नाहीत. त्यांना आम्ही आधी विचारायला हवं होतं, ते राहून गेलं. ती चूक आमची. आता त्या नव्या तुकडीला शिकवायला बसतात, पण मनातलं पूर्ण गेलंय, असं आम्ही म्हणणार नाही.

तरी एक सांगतो. ज्या मावशी फॉर्म तसाच घेऊन परत आल्या होत्या, त्यांनी गेल्या महिन्यात एकट्यानं जाऊन पैसे भरले आणि पावती सगळ्यांना दाखवली. साठीच्या आहेत त्या. आणि कर्जाचा राहिलेला अर्ज या खेपेला मुदतीच्या आधी गेला.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर उठायची घाई करू नका. पाच मिनिटं बसा आणि तीन प्रश्न एकमेकींना विचारा. आपल्या गटात पळतं कोण आणि बाकावर कोण बसलंय? जी पळतेय, तिला उद्या दोन महिने यायला जमलं नाही, तर वही कोण उघडेल? आणि तिची तब्येत कशी आहे, हे आपण शेवटचं कधी विचारलं?

काय उत्तरं आली, ते आम्हाला नक्की कळवा. तब्येतीला जपा. पुन्हा भेटू, नमस्कार.